खाड्याच्या बैठका

आबा,

आज मी तालमीत गेले होते. दारापर्यंत नव्हे, आत. चपला बाहेर काढल्या, उंबऱ्याला हात लावला आणि सरळ कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. मारुतीनं काही म्हटलं नाही. तुमची तसबीर आता त्याच्या शेजारीच टांगलेली आहे, तिनंही काही म्हटलं नाही. तुम्ही असता तर तुमचा आवाज पार रंकाळ्यापर्यंत ऐकू गेला असता. म्हणून आधीच सांगून ठेवते, मी तिथं परत जाणार आहे. आणि तुमचा एक नियम मी आज मोडून आले आहे. बाईमाणसानं तालमीत पाऊल टाकायचं नाही, तो नव्हे. तो तर मोडलाच. मी खाड्याच्या नियमाबद्दल बोलते आहे.

ज्यानं तालमीला खाडा केला, त्यानं परत आल्यावर तो भरून द्यायचा. जेवढे दिवस बुडाले तेवढ्या दिवसांच्या बैठका, रोजच्या बैठकांच्या वर, एकाच दिवशी, सगळ्यांच्या देखत. घरी लग्न असो, मयत असो, नाहीतर ताप असो, सुटका नाही. कोल्हापुरात गल्लोगल्ली तालमी, पण असला नियम आपल्याच तालमीत होता आणि तुम्हाला त्याचा केवढा अभिमान! शिरोळकडचा तो पैलवान बहिणीच्या लग्नाला गेला आणि चार दिवसांनी परत आला, तेव्हा अंगावरची हळदसुद्धा उतरली नव्हती त्याची. तुम्ही त्याला विचारलंत, "काय पावणं, लगीन झालं न्हवं झोकात? आता या हिकडं." सगळे हसले, तोही हसला. पुढचे कितीतरी दिवस त्याला तालमीची पायरी उतरताना भिंत धरावी लागत होती, आणि त्यावरही सगळे हसायचे. मीसुद्धा हसले होते. मला वाटायचं, पैलवान असेच चालतात.

मला तालीम कानांनीच माहीत होती. आई पाट्यावर बदाम आणि खसखस वाटायची, मी ते दुधात कालवून फडक्यातून गाळायची आणि थंडाईचा कडीचा डबा घेऊन तालमीच्या दाराशी उभी राहायची. आतून कुणीतरी येऊन डबा नेईपर्यंत मी ऐकत असायची. मांड्यांवर पडणाऱ्या थापा, मातीत कोसळणारं अंग, आणि या सगळ्यावर तुमचं मोजणं. तुम्ही आकडा लांब ओढायचा आणि शेवटी काडकन तोडायचा. नऊ झाले की दहा, आणि दहाला टेकायच्या आत अकरा. दहाला कुणाला दम घ्यावासा वाटेल, हे ठाऊक असल्यासारखा तुमचा अकरा दहाच्या पाठीवर बसलेला असायचा. शाळेत पाढे म्हणताना मी तशी म्हणायची, तर बाई म्हणायच्या, अगं भांडतेस काय आकड्यांशी?

मग दादाचा टायफॉईड. मी तेव्हा फिजिओथेरपीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. तुम्ही त्याला 'मालीशचं कॉलेज' म्हणायचा, चार लोकांत मुद्दाम. मी दिवाळीच्या सुट्टीला घरी आले तर दादा पलंगावर, गाल बसलेले, दंडावरचा ताईत कोपरापर्यंत घसरलेला. कितीतरी दिवस तो नुसत्या पेजेवर होता. ताप उतरून आठवडा झाला नसेल आणि तुम्ही स्वयंपाकघरात येऊन, आई भाकरी थापत असताना, सांगितलंत की उद्या पोराचा खाडा भरून घ्यायचा. जत्रेच्या मैदानात त्याची कुस्तीची जोड ठरली होती. आईचा हात परातीत तसाच थांबला. मग मीच बोलले.

"आबा, एकदम नको. अंगात काय ऱ्हायलं न्हाई त्याच्या. थोडं थोडं वाढवूया की. मी सांगते रोज किती ते."

तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाही. आईला म्हणालात, "हिला सांग, मालीश करायचं शिकतीया तेवढं शीक म्हणावं. वस्तादकी मला नगं शिकवूस."

दादा माझ्याकडे बघून हसला. त्याला वाटलं, त्याची बहीण उगाच घाबरते आहे. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन दारात उभी होते आणि आतून तुमचं मोजणं ऐकत होते. थंडाई कोमट होत गेली, डब्याला बाहेरून आलेला घाम वाळला, तरी मोजणं थांबेना. मधे एकदा दादाचा आवाज आला, "आबा, पाय न्हाईत वो ऐकत." त्यावर तुमचं, "पाय न्हाय ऐकत तर कुणाचं ऐकायचं त्यांनी? खाली!" आणि पुन्हा आकडे. मी आत गेले नाही. बाईमाणसानं जायचं नव्हतं ना. सगळं झालं तेव्हा आत टाळ्या आणि शिट्ट्या. अजून त्या तालमीत तो दिवस पराक्रम म्हणून सांगतात, ठाऊक आहे? टायफॉईडचा खाडा एका दिवसात भरणारा पैलवान. गोष्ट तिथंच संपवतात. पुढचं सांगत नाहीत.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, पण तुम्ही कधी तोंडानं काढलं नाहीत, म्हणून मी काढते. दोन दिवसांत दादाच्या मांड्या लाकडासारख्या टणक झाल्या. हात लावला की ओरडायचा. तुम्ही तेल कोमट करून रगडत बसलात. तिसऱ्या दिवशी मला हळूच म्हणाला, "आबांना सांगू नगंस, पर लघवी चाच्या पाण्यागत व्हायलीया." बिनदुधाच्या चहासारखी. मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, उष्णता हाय, ताक द्या. मी म्हटलं, दवाखाना. तुम्ही म्हणालात, ताक. मग मी तुम्हाला न विचारता रिक्षा आणली, शेजारच्या दोघांना हाताशी घेतलं आणि त्याला घेऊन गेले. जाताना तुम्ही दारात आडवे उभे होता. मी म्हटलं, "सरा, आबा." तुम्ही सरलात. आयुष्यात पहिल्यांदा मी तुम्हाला सरा म्हटलं, आणि मला त्याचं अजूनही काही वाटत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं ते मी पुस्तकात वाचलेलंच होतं. आजारातून उठलेल्या, रिकाम्या अंगावर एकाएकी इतकी मेहनत लादली की स्नायू फुटतात, आणि त्यातलं जे रक्तात उतरतं ते मूत्रपिंडांना पेलत नाही. दादाला डायलिसिसच्या मशीनवर घेतलं. त्याच्या शेजारच्या खाटेवर पिकल्या केसांचे एक आजोबा आणि इकडे हा, कालपर्यंत हौद्यात शड्डू ठोकणारा. आई पदर तोंडात धरून बसलेली. तुम्ही बाहेर बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "पोराला दृष्ट लागली." मी आतून ऐकत होते. दृष्ट नव्हती लागली, आबा. बैठका लागल्या होत्या. तुम्ही चुकला होता, आणि हे वाक्य मी तेव्हा गिळलं ते आज लिहिते आहे. तुम्ही चुकला होता.

तो वाचला. पण घरी आला तेव्हा त्याला खाटेवरून उठवत नव्हतं. मी कॉलेज बुडवलं आणि घरी राहिले. पहिले काही दिवस नुसतं बसतं करणं, मग पाय खाली सोडणं. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि म्हणायचं, दाब, धर, सोड. एवढंच. बघणाऱ्याला त्यात काही दिसत नाही. तुम्ही दारात येऊन उभे राहायचा आणि ऐकू जाईल असं म्हणायचा, "टावेल दाबून पैलवान हुतोय व्हय कुणी?" दादा रडकुंडीला यायचा. मी त्याला म्हणायची, तिकडं बघू नकोस, टॉवेलकडं बघ. आज पाच, दमलास तर पाचच. उद्या जमलं तर सहा, नाही जमलं तर पुन्हा पाच. महिने गेले. तो भिंत धरून चालला, भिंत सोडून चालला, पंचगंगेच्या घाटाच्या पायऱ्या उतरला आणि चढला. पुढच्या जत्रेला तो मैदानात उतरला. कुस्ती बरोबरीत सुटली, पण तो पायावर उभा राहून बरोबरीत सुटला. हलगी वाजत होती, लोक तुम्हाला मिठ्या मारत होते आणि तुम्ही सगळ्यांना सांगत होता, "घरचं तूप हो! तुपानं उठवला." मी बायकांच्या घोळक्यात उभी होते. तूप नव्हतं, आबा. टॉवेल होता.

तुमच्यावरचा राग मी कधी सोडला नाही आणि आताही सोडणार नाही. पण तुमची आठवणही येते, ती रागाला विचारून येत नाही. त्यातली जास्त येते ती शेवटच्या वर्षाची. न्हाणीत पाय घसरून तुम्ही पडलात आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं. तोवर राजारामपुरीत माझा छोटा दवाखाना सुरू झाला होता. दुपारी तो बंद करून मी तुमच्याकडे यायची. टाच अंथरुणावरून हळूहळू सरकवत गुडघा वाकवायचा, परत सरळ करायचा. मी सांगितलं, दहा वेळा, मग विश्रांती. तुम्ही छताकडे बघत हूं म्हणालात. मी स्वयंपाकघरात कणीक मळायला गेले आणि थोड्या वेळानं आतल्या खोलीतून ते मोजणं ऐकू आलं. हळू आवाजात, पण तेच. ओढून तोडलेले आकडे, आणि दहाच्या कितीतरी पुढे गेलेले.

मी पिठाच्या हातांनी धावत आले. तुम्ही घामानं निथळत होता, ओठ पांढरे पडलेले, टाच सरकतेच आहे.

"आबा, काय चाललंय हे?"

"धा-बारा दिस दवाखान्यात पडून हुतो की. खाडा हाय. भराय नगं?"

मी खाटेवर बसले, तुमचा पाय उचलून मांडीवर घेतला आणि घोट्याला घट्ट धरला. तुम्ही जोर लावलात. त्या वयातही काय जोर होता! मी सोडला नाही. तुमच्या घोट्यावर पिठाची बोटं उठली. मी म्हटलं, "दादाचा खाडा भरून घेतलासा, तवा मी भाईर हुते. आता आत हाय. न्हाय भरू द्यायची." किती तरी वेळ आपण तसेच बसलो होतो. मग तुमचा पाय ढिला पडला. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत आणि म्हणालात, "जोर हाय तुज्या हातात." बस. दादाबद्दल एक शब्द नाही. पण दुसऱ्या दिवशी मी आले, तर तुम्ही पाय सरळ करून, पांघरूण बाजूला सारून वाट बघत होता. म्हणालात, "किती?"

उभ्या जन्मात तुम्ही कुणाला किती म्हणून विचारलं नव्हतं. तुम्ही सांगायचा, दुसऱ्यानं करायचं. त्या दिवसानंतर रोज विचारायचा, आणि मी सांगेन तेवढंच करायचा. काठीवर का होईना, गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेलात. मला वाटलं होतं की आता तुम्ही तालमीतही निरोप धाडाल, तो नियम काढून टाका म्हणून. नाही धाडलात. झोपेत गेलात आणि नियम मागं ठेवून गेलात.

तुम्ही गेल्यावर शहर बदललं. जिकडंतिकडं जिम झाल्या. आरसे, गार हवा, कान फुटतील अशी गाणी. माझ्या दवाखान्यात पैलवानांपेक्षा तिथलेच लोक जास्त यायला लागले. कुणाचा खांदा, कुणाची कंबर. बँकेतला एक गृहस्थ आला, दोन्ही दंड सुजलेले, शर्टाची बाही वर सरकेना. बदलीच्या धावपळीत दोन महिने जिम बुडाली होती, म्हणून ट्रेनरनं पहिल्याच दिवशी सगळं वसूल केलं होतं. मी आधी लघवीचा रंग विचारला. तो लाजला. मी त्याला लाजू दिलं नाही, थेट डॉक्टरांकडे धाडलं; वेळेत गेला म्हणून निभावलं. मग त्या ट्रेनरला फोन केला. तो म्हणतो, "मॅडम, बॉडीला शॉक द्यावा लागतो." मी म्हटलं, शॉकच द्यायचा असेल तर वायरमन हो बाबा, माणसं सोड. फोन ठेवला आणि मला हसूच आलं. त्या पोरानं तुमचं नावही ऐकलं नसेल, आपली तालीम कुठल्या बोळात आहे ते त्याला ठाऊक नसेल, तरी तुमचा नियम त्याच्याकडे अगदी जसाच्या तसा होता. घट्ट टी-शर्ट घालून बसला होता एवढंच.

पण परका ट्रेनर वेगळा आणि दादा वेगळा. दादा आता तालमीचा वस्ताद आहे. आणि दादानं, मशीनवर निजलेल्या दादानं, तुमचा खाड्याचा नियम तसाच चालू ठेवला. मी वर्षानुवर्षं भांडले. तो म्हणायचा, "आबांचा नियम हाय. मी कोण मोडणार?" आज सकाळी शाहूवाडीकडची एक बाई दवाखान्यात आली. तिचा तरणा पोरगा आपल्या तालमीत आहे. चिकनगुनियानं महिनाभर झोपला होता, बोटांची मूठ वळत नव्हती, आता कुठं हिंडायला लागलाय. ती म्हणाली, "आज खाडा भराय बोलावलाय वस्तादांनी. डाक्टरीणबाई, माजा जीव खालीवर हुतोय. म्यां आत जाऊ शकत न्हाय." मी खुर्चीवरून उठले. रांगेतल्या पेशंटना बसा म्हटलं आणि तशीच निघाले.

दारात आले तर आतून मोजणं ऐकू येत होतं. दादाचा आवाज, पण तऱ्हा तुमची. डबा हातात नव्हता एवढाच काय तो फरक. मी आत गेले. पोरं टॉवेल गुंडाळत मागे सरली, माती उकरणारा एकजण फावडं धरून तसाच राहिला. तो पोरगा बैठक अर्ध्यावर सोडून थांबला, मांड्या लटलट कापत होत्या.

दादा ओरडला, "तू आत कशी आलीस गं?"

"चालत आले. तुझ्यासारखी. तुला चालायला कुणी शिकिवलं, ते सांगू काय पोरांना?"

त्याचा चेहरा उतरला. मी थांबले नाही. सगळं सांगितलं, त्या पराक्रमाच्या पुढचं सगळं. चहासारखी लघवी, मशीन, शेजारचे आजोबा, टॉवेलची गुंडाळी, पाच आणि पुन्हा पाच. तुमच्या तसबिरीसमोर सांगितलं, आवाज न दबवता. पोरं दादाकडे बघत होती. त्यानं नाही म्हटलं असतं तर माझं तिथं काही चाललं नसतं, कारण तालमीत वस्तादाचाच शब्द. तो खाली मातीकडे बघत राहिला. त्याचा हात आपोआप मांडीवर गेला होता, तिथंच, जिथं तुम्ही तेल रगडायचा. मग त्या पोराला म्हणाला, "खरं हाय ती म्हणतीया ते." आणि माझ्याकडे वळून, सगळ्यांच्या देखत, म्हणाला, "किती?"

आबा, त्यानं तुमच्यासारखंच विचारलं. त्याला ठाऊकही नाही तुम्ही तसं विचारायचा ते. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, आज दहा. उद्या सकाळी मी याचे पाय बघणार, मग पुढचं. आणि इथून पुढं या तालमीत खाडा भरला जाणार नाही, ज्यानं त्यानं जिथून जमेल तिथून सुरू करायचं. दादानं मान हलवली. नियम गेला. तुमच्या डोळ्यांसमोर गेला आणि छताचं एक कौलही हललं नाही.

हे पत्र कुठं टाकणार? तुम्ही असता तरी मी ते तुमच्या हातात दिलं नसतं; तुम्ही ते आईकडून वाचून घेतलं असतं आणि वर, हिला सांग, म्हणून सुरू केलं असतं. कपाटात, घडी घातलेल्या टॉवेलांखाली ठेवून देईन. फक्त एक गोष्ट राहिली, ती दादाला किंवा त्या पोराच्या आईला सांगण्यासारखी नाही. दहा म्हटल्यावर दादा म्हणाला, तूच मोज. मी मोजायला लागले आणि आवाज तुमचा आला. ओढलेला, शेवटी काडकन तोडलेला. पोरांच्या पाठी ताठ झाल्या. मला ते आवडलं, आबा, फार आवडलं. दहा म्हणाले आणि थांबले. पण अकरा ओठांपर्यंत आला होता.